बाळाचा घास आणि बाळाचा श्वास
(शेती व आरोग्य)



दर वर्षी ३ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा संत ब्लेझ यांचा सण पाळते. त्या दिवशी दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून धर्मगुरू प्रत्येकाच्या गळ्याला आशीर्वाद देतो. चौथ्या शतकात होऊन गेलेले हे बिशप. घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलाला त्यांनी वाचविले, अशी परंपरा आहे. त्या रांगेत तान्ही मुले घेतलेल्या आया पुष्कळ असतात. आशीर्वाद घ्यावाच. परंतु ज्या बाळाला दूध गिळता येत नाही, त्याला आशीर्वादाबरोबर डॉक्टरही लागतो, आणि तो वेळेवर लागतो. म्हणून या लेखात बाळाच्या गिळण्याविषयी, त्यातील अडचणींविषयी आणि त्या अडचणी दूर करणाऱ्या डॉक्टरांच्या कामाविषयी माहिती देत आहे.

गळ्यातील चौक

आपल्या गळ्यात एक चौक आहे. नाकातून येणारी हवा आणि तोंडातून येणारे अन्न त्या चौकात एकमेकांना छेदून जातात. हवा पुढच्या श्वासनलिकेत जाते, अन्न मागच्या अन्ननलिकेत उतरते. श्वासनलिकेच्या तोंडावर एक झाकण असते. आपण गिळतो त्या क्षणी श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, झाकण मिटते आणि घास मागच्या वाटेने खाली जातो. पाटाच्या पाण्याला एका वाफ्याचे दार बंद करून दुसऱ्याचे उघडावे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे दार उघडण्या-मिटण्याचे काम डोळ्याचे पाते लवेपर्यंत पुरे व्हावे लागते. चूक झाली तर दूध फुप्फुसात जाते.

गुरांना काढा पाजणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वासराची मान फार वर ओढून, घाईघाईने नळीतून औषध ओतले तर ते पोटात न जाता फुप्फुसात उतरते, आणि दोन दिवसांत वासरू धापा टाकू लागते. जाणता माणूस मान बेताने धरतो, थोडे थोडे ओततो, वासराने गिळले की नाही ते पाहतो आणि मगच पुढचे ओततो. वासराच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो ती पुष्कळदा तान्ह्या बाळाच्या बाबतीत घेत नाही. बाळाला आडवे झोपवून, नाक दाबून, चमच्याने दूध किंवा औषध घशात ओतण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. ती आजच बंद करावी.

गर्भातच बाळ गिळण्याचा सराव करू लागते. तीन-साडेतीन महिन्यांचा गर्भ भोवतालचे पाणी गिळतो. परंतु चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही गोष्टींचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. म्हणून त्यापूर्वी जन्मलेले बाळ अंगावर नीट पिऊ शकत नाही. त्यात आईचा दोष नाही, आणि बाळाचाही नाही. दाणा भरण्याआधी कापलेल्या कणसासारखी त्याची स्थिती असते. अशा बाळाला प्रथम नळीने आईचे दूध देतात. पुढे चोखण्याची शक्ती येईपर्यंत वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देतात. आपल्या आजीच्या फडताळातले चोचीचे बोंडले जुनाट म्हणून टाकून देऊ नये. तशाच चोचीची वाटी आज नवजात बाळांच्या सरकारी कक्षांतूनही वापरतात. दुधाच्या बाटलीपेक्षा ते घासायला सोपे, आणि त्यात जंतू लपायला जागा नाही. मात्र बाळाला मांडीवर उभट धरावे, बोंडले ओठाशी टेकवावे आणि बाळाला आपल्या गतीने घेऊ द्यावे. घशात ओतू नये.

कोणते ओकणे साधे?

पहिल्या काही महिन्यांत बहुतेक बाळे दूध पिऊन झाल्यावर थोडी गुळणी टाकतात. अन्ननलिका आणि जठर यांच्या मध्ये स्नायूंचे एक कडे असते. बाळपणी ते अजून पक्के झालेले नसते. पोट लहान, अन्न पातळ, आणि बाळ दिवसभर आडवे. म्हणून दूध वर येते. साधारण चौथ्या महिन्यात हे सर्वांत जास्त दिसते आणि वर्षाच्या आत बहुतेकांचे आपोआप थांबते. बाळ हसते-खेळते आहे, वजन वाढते आहे, दिवसात सहा किंवा अधिक वेळा लघवी होते आहे, तर या गुळणीला औषध लागत नाही. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे खांद्याशी उभे धरावे, ढेकर काढावी आणि मग पाठीवर झोपवावे. ओकते म्हणून पालथे झोपवू नये. तसेच विचारल्याशिवाय दुकानातून ओकारीचे औषध आणू नये.

वजन हीच खरी कसोटी आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. दहा-चौदा दिवसांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर येते. पुढे पहिले तीन महिने ते दररोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढते, पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होते आणि वर्षाला तिप्पट. अंगणवाडीच्या कार्डावरची रेघ वर चढत असेल तर शेजारणीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र थांबू नये.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

१. जन्मल्याबरोबर तोंडातून सतत फेसाळ लाळ येणे, आणि पहिल्याच घोटाला ठसका लागून बाळ निळे पडणे.
२. हिरवी ओकारी. ही केव्हाही साधी नसते. आतड्याला पीळ पडल्याचे ते चिन्ह असू शकते. त्याच तासाला निघावे.
३. ओकारीत किंवा शौचात रक्त.
४. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिचकारीसारखी दूर उडणारी ओकारी, आणि ओकून लगेच पुन्हा भूक. यात जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होते. मुलींपेक्षा मुलग्यांत हे अधिक आढळते. लहानशा शस्त्रक्रियेने ते कायमचे बरे होते.
५. प्रत्येक वेळी पिताना ठसका, खोकला, घामाघूम होणे, श्वासाची घरघर. किंवा पुन्हा पुन्हा न्यूमोनिया.
६. एका वेळच्या पाजण्याला नेहमीच अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, आणि पिता पिता थकून झोपी जाणे.
७. दूध नाकातून बाहेर येणे. टाळू दुभंगलेली आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे.
८. वजन न वाढणे, किंवा सहा महिन्यांनंतर घट्ट अन्न गिळताच न येणे.

यांतील पहिल्या लक्षणाविषयी थोडे अधिक सांगतो. साधारण तीन-चार हजार जन्मांत एखाद्या बाळाची अन्ननलिका मध्येच तुटलेली असते. वरचा भाग पिशवीसारखा बंद, आणि खालचा भाग बहुधा श्वासनलिकेला जोडलेला. १९३९ पूर्वी असे जवळजवळ प्रत्येक बाळ दगावत असे. १९४१ साली अमेरिकेतील मिशिगन येथे डॉ. कॅमरन हेट यांनी दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत जोडून एका मुलीला वाचविले. आज वेळेवर पोचलेली बहुतेक बाळे वाचतात. पण वेळेवर म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि तोंडाने काहीही न पाजता. फेसाळ लाळ गाळणाऱ्या बाळाला कोणी मध चाटवला, कोणी गुटी पाजली, तर तेच फुप्फुसात जाते, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच बाळ हाताबाहेर जाते.

मुलांच्या पोटाचे डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्यातूनच पुढे आणखी शिकून काही जण केवळ मुलांची अन्ननलिका, जठर, आतडी आणि यकृत यांचा अभ्यास करतात. त्यांना पेडिॲट्रिक गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट म्हणतात. आपण साध्या भाषेत मुलांच्या पोटाचे डॉक्टर म्हणू. चांगला डॉक्टर प्रथम यंत्राकडे वळत नाही. तो आईला म्हणतो, "माझ्यासमोर पाजा." बाळ तोंड कसे लावते, किती घोटांनंतर श्वास घेते, डोळे पांढरे करते का, पाठ कमानीसारखी वाकवते का, हे तो बघतो. वजनाचे कार्ड मागतो. अर्धे निदान तेथेच होते.

त्यानंतर गरजेप्रमाणे तपास होतो. बेरियम नावाचे पांढरे द्रव दुधासारखे पाजून क्ष-किरणांच्या पडद्यावर घोट कोणत्या वाटेने जातो ते पाहतात. अन्ननलिकेत सुतळीएवढी बारीक तार चोवीस तास ठेवून जठरातले आम्ल किती वेळा वर येते ते मोजतात. आणि लागल्यास दुर्बिणीने आत पाहतात. ही दुर्बीण वाकते, कारण तिच्यात केसासारख्या काचेच्या तंतूंची जुडी वापरण्याचा मार्ग सापडला. अशा जुडीतून चित्र नेता येते, हे १९५४ साली लंडनमध्ये दाखविणाऱ्या दोघांपैकी एक पंजाबातील मोगा येथे जन्मलेले डॉ. नरिंदर सिंग कपानी. त्यानंतर १९५७ मध्ये डॉ. बेसिल हर्शोविट्झ यांनी जठर पाहण्याची वाकणारी दुर्बीण तयार केली. आज बोटाहून बारीक दुर्बीण नवजात बाळाच्याही अन्ननलिकेत नेता येते. बहुतेक वेळा बाळाला गुंगी देऊन हे करतात.

दुर्बीण केवळ पाहण्यासाठी नसते. अडकलेले नाणे तिने काढता येते. भाजल्यामुळे किंवा शस्त्रक्रियेच्या टाक्यामुळे आवळलेली अन्ननलिका लहानसा फुगा फुगवून रुंद करता येते. हे काम एका दिवसाचे नाही. काही मुलांना महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा यावे लागते. मधल्या काळात मूल बरे दिसते म्हणून आई-वडील फेरी चुकवितात, आणि वाट पुन्हा आवळते. पीक हिरवे दिसते म्हणून शेवटचे पाणी चुकविणाऱ्याचे जे होते, तेच येथे होते.

या डॉक्टरांबरोबर आणखी माणसे काम करतात. शस्त्रक्रिया करणारे वेगळे, आहार ठरविणारे वेगळे, आणि गिळण्याचा सराव करून घेणारे स्पीच थेरपिस्ट वेगळे. ज्या बाळाच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा झाली आहे, ज्याची मान सावरत नाही, त्याला कसे बसवावे, अन्न किती घट्ट करावे, चमचा जिभेवर कोठे टेकवावे, हे ही मंडळी आईला हाताला धरून शिकवितात. त्या शिकवणुकीचा उपयोग पुष्कळदा औषधाहून अधिक होतो.

नळीची भीती

काही मुलांना गिळणे दीर्घकाळ जमत नाही. मग डॉक्टर पोटावर एक छोटे छिद्र करून तेथून जठरात नळी बसविण्याचा सल्ला देतात. हे ऐकले की घरात रडारड होते. "नळी आली म्हणजे संपले" असे लोक समजतात. तसे नाही. पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने अशी नळी बसविण्याची रीत १९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. मायकेल गॉडरर आणि डॉ. जेफ्री पॉन्स्की यांनी प्रथम वापरली, ती एका साडेचार महिन्यांच्या बाळावर. पुढे ती जगभर पसरली आणि म्हाताऱ्यांनाही उपयोगी पडली. म्हणजे ही युक्ती मुळात बाळाला जगविण्यासाठीच निघाली.

नळीने बाळाचे वजन वाढते, औषध चुकत नाही, फुप्फुसात दूध जाण्याचे टळते. आईला दिवसाचे आठ-आठ तास पाजण्यात घालवावे लागत नाहीत. बाळाला तोंडाने चव घेण्याचा सरावही डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवता येतो, आणि पुष्कळ मुलांची नळी पुढे काढली जाते. छिद्र आपोआप भरून येते, किंवा एखादा टाका घालावा लागतो.

काही जण विचारतात, "फादर, असे नळीने जगविणे देवाच्या इच्छेविरुद्ध नाही का?" २० मार्च २००४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णांविषयी बोलताना स्पष्ट केले की अन्नपाणी नळीतून दिले तरी ते तत्त्वतः नैसर्गिक सेवाच आहे. मग जे बाळ आपल्याकडे पाहून हसते, त्याच्याबद्दल शंका कसली? भुकेल्याला अन्न देणे हे दयेचे पहिले काम. ते तोंडावाटे पोचते की पोटावाटे, यावर त्याचे मोल ठरत नाही.

घरातील चार धोके

पहिला धोका तेलाचा. आपल्या या चंबळ-ग्वाल्हेरच्या भागात मोहरी पिकते आणि घरोघरी मोहरीचे तेल असते. मालिश जरूर करावी. पण बाळाच्या नाकात, कानात, घशात तेल किंवा तूप घालू नये. पाण्याने ठसका लागतो, तेलाने पुष्कळदा लागत नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरते आणि तेथे बसून न्यूमोनिया करते.

दुसरा धोका बाटल्यांचा. संडास धुण्याचे आम्ल, कॉस्टिक सोडा, रॉकेल, फवारणीचे औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवू नये. रांगते मूल रंग पाहून तोंडाला लावते. आम्ल किंवा सोडा पोटात गेला तर ओकारी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. जाताना जे जाळत गेले ते वर येताना पुन्हा जाळते. रॉकेल ओकताना फुप्फुसात जाते. बाटली बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठावे. घशाची जळलेली वाट पुढे आवळते, आणि अशी मुले वर्षानुवर्षे दुर्बिणीसाठी येत राहतात.

तिसरा धोका बटणासारख्या सपाट बॅटरीचा. खेळणी, घड्याळ, रिमोट यांत ती असते. ती अन्ननलिकेत अडकली तर ओल्या कातडीतून वीज वाहून दोन तासांत खोल जखम होऊ शकते. नाणे थोडा वेळ थांबू शकते, बॅटरी नाही. मूल एक वर्षाहून मोठे आणि गिळू शकणारे असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो. त्याने इजा थोडी मंदावते. पण मधासाठी घरी थांबू नये. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध कधीही देऊ नये, कारण त्यातील जंतूंमुळे बाळ लुळे पडण्याचा धोका असतो. घोडे नसलेल्या घरात लगाम कशाला, असे म्हणून हा मुद्दा सोडू नका. आज रिमोट नाही असे घर विरळा.

चौथा धोका दाण्यांचा. हरभरा, शेंगदाणे, वाटाणे खळ्यावर पसरलेले असतात. चार वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खा दाणा देऊ नये. दाणा अडकला आणि मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे, तोच उत्तम उपाय. खोकला, रडणे, आवाज बंद झाला, तर वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. मग उताणे करून दोन बोटांनी छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. दाणा निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे, आणि दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन करावा. दाणा दिसत नसताना घशात बोट घालू नये. तो अधिक खोल जातो.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पुरे होईपर्यंत केवळ आईचे दूध. गुटी नाही, पाणी नाही. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावे. गाईचा चीक वासराला पाजलाच पाहिजे हे आपण जाणतो, मग आईचे पहिले पिवळे दूध पिळून टाकण्याचे कारण काय? गहू-मोहरीच्या कापणीला आई शेतावर जात असेल तर तिने दूध स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवावे. चार तासांच्या आत, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्याहून लवकर, ते बोंडल्याने पाजावे.

सहा महिन्यांनंतर मऊ, कुस्करलेला, चमच्यावरून न ओघळणारा घास सुरू करावा. याच काळात काही मुलांत आणखी एक आजार डोके वर काढतो. गव्हाच्या चिकट अंशाने, म्हणजे ग्लुटेनने, त्यांच्या आतड्याचे अस्तर झिजते. जुलाब, फुगलेले पोट, काटकुळे हातपाय, खुंटलेली उंची. याला सिलिॲक म्हणतात. गव्हाशी याचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांनी दाखवून दिला आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. आपण गव्हाच्या मुलखात राहतो, म्हणून हे लक्षात ठेवावे. निदान झाले की गहू, जव आणि त्यांपासून केलेले पदार्थ जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका चालतो. महाराष्ट्रातून आलेल्या घरांत भाकरी थापता येते, हा त्या मुलाला मोठाच आधार आहे. मात्र रक्ततपासणीपूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. त्याने निदान चुकते.

अशा मुलाच्या पहिल्या कम्युनियनची चिंता आई-वडील करतात. २४ जुलै २००३ च्या रोमच्या पत्राप्रमाणे अगदी अल्प ग्लुटेन असलेली होस्ती वापरता येते. तीही सोसत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपाने कम्युनियन घेता येते. ज्याला घट्ट काही गिळताच येत नाही त्यालाही ही मोकळीक आहे. आधी आपल्या धर्मगुरूला सांगावे, म्हणजे झाले.

कोठे जावे?

प्रथम आशाताई. घरी येऊन पहिल्या ४२ दिवसांत बाळ पाहणे हे तिचे काम आहे. तिला दारातून परत पाठवू नका, तिच्यासमोर बाळाला पाजा. त्यानंतर आपल्या लष्कर भागातील कमलाराजा रुग्णालय. ते १९४६ साली सुरू झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले बायकामुलांचे रुग्णालय आहे. दौलतगंजहून ते लांब नाही. मुलांच्या पोटाच्या स्वतंत्र विभागाची गरज पडली तर तेथून चिठ्ठी घेऊन दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था किंवा लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था गाठता येते. ज्यांचे नातलग मुंबईत आहेत त्यांना परळचे १९२९ पासूनचे वाडिया मुलांचे रुग्णालय सोयीचे पडेल.

खर्चाची भीती खोटी नाही, पण मदत आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी अर्भकाला वर्षाचे होईपर्यंत सरकारी रुग्णालयात औषध, तपासणी आणि नेण्या-आणण्याचे वाहन मोफत आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली दुभंगलेला ओठ आणि टाळू यांसारख्या व्यंगांची तपासणी व उपचार १८ वर्षांपर्यंत मोफत होतात. आयुष्मान कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचा आधार आहे. जाताना जन्माचा कागद, लसीचे व वजनाचे कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि आधी दिलेली सर्व औषधे बरोबर न्यावीत. जमल्यास बाळ पिताना व ओकताना मोबाइलवर चित्र काढून ठेवावे. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

शेवटची गोष्ट, घरातल्यांसाठी

बाळ पीत नाही, वाळत चालले, की घरात पहिले बोट सुनेकडे वळते. "हिचे दूधच पातळ", "हिने काहीतरी खाल्ले", "नजर लागली". मिरच्या-मोहऱ्या ओवाळून जाळल्या जातात, एक आठवडा जातो. मग पाव्हण्याचा उपाय होतो, दुसरा आठवडा जातो. मुलगी असेल तर तिसराही जातो, हे दुःखाने लिहावे लागते. ज्या बाळाची अन्ननलिका अडली आहे, ज्याची टाळू दुभंगली आहे, त्याच्या आईचे दूध अमृत असले तरी ते पोटात उतरणार कसे? त्या आईला दोष देणे म्हणजे पाट फुटला असताना विहिरीला शिव्या देणे होय.

सासूबाईंना आणि आजोबांना माझी विनंती आहे. घरात तुमचा शब्द चालतो. तो शब्द आईला बोल लावण्यासाठी न वापरता बैलगाडी, मोटारसायकल, जी असेल ती जोडायला सांगण्यासाठी वापरा. बापानेही कापणी चालू आहे म्हणून मागे राहू नये. दूरच्या रुग्णालयात एकट्या बाईला सही करण्याची वेळ आणू नये. आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या गुरांना चारापाणी करावे, उभ्या पिकाला एक पाणी द्यावे. आपल्या धर्मग्रामात एवढे झाले, तर हिरवी ओकारी करणारे बाळ त्याच दिवशी रुग्णालयात पोचेल, आणि त्याचे आई-वडील निश्चिंत मनाने त्याच्या उशाशी बसू शकतील.

प्रभू तुमच्या घरातील लेकरांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू